युपियाला जाऊन आलो: मावशी, भाचा आणि सॅफ अंडर-नाइन्टीनची फायनल

गेल्या वर्षी मे महिन्यात, म्हणजे २०२५ च्या, मी आणि माझा भाचा अरुणाचल प्रदेशात युपियाला फुटबॉल बघायला गेलो होतो, सॅफची म्हणजे दक्षिण आशियाई देशांची अंडर-नाइन्टीन स्पर्धा. बरेच जण विचारतात की एवढ्या लांब, ते पण अंडर-नाइन्टीनच्या मॅचेस, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते. भाच्याच्या वहीत तारखा, स्कोअर, मिनिटं सगळं लिहिलेलंय त्यामुळे माझं काम सोपं झालं.

आधी थोडं आमचं. ताई प्रेसमध्ये आहे, नाशिक रोडच्या, नोटांच्या. तिच्या शिफ्ट असतात. त्यामुळे भाचा नऊ वर्षांचा झाल्यापासून त्याला ग्राउंडवर सोडणं आणणं माझ्याकडे. सहा वर्षं मी त्या मैदानाच्या कडेला बसतेय, पहिल्या वर्षी स्वेटर विणायचे, दुसऱ्या वर्षी विणकाम घरी राहिलं आणि आता मला ऑफसाइड कळतो, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाववाला, कधी वर गेला पाहिजे आणि कधी मागे थांबला पाहिजे ते कळतं. भाचा लेफ्ट बॅकच आहे, डावखुरा. मैदान बरं आहे पण लग्नसराईत तिथे मांडव पडतो आणि मग पुढचे पंधरा दिवस पोरं खिळे वेचत खेळतात, हे मी स्वतः वेचलेत म्हणून सांगते.

डिसेंबरमध्ये शाळाशाळांच्या स्पर्धेत सेमीफायनलला त्याची पेनल्टी गेली. शेवटची होती. पोस्टला लागून बाहेर. त्यानंतर प्रॅक्टिस सोडली नाही त्याने, पण पेनल्टीची रांग लागली की हा बाटलीतलं पाणी प्यायला जायचा, दर वेळी, चार महिने. मी काही बोलले नाही. एप्रिलमध्ये त्यानेच सांगितलं की सॅफची अंडर-नाइन्टीन यंदा भारतात आहे, अरुणाचलला, युपियाला, ९ ते १८ मे, शाळेला सुट्टीच आहे. मी त्याच रात्री तिकिटं बघितली.

१२ मे, सोमवार. नाशिक रोड

निघायच्या आधीचे आठ दिवस कसे गेले ते सगळ्यांना माहितीये. भारत-पाकिस्तानचं पेटलेलं, ७ तारखेच्या मॉक ड्रिलच्या यादीत नाशिकचं नाव, सिन्नरचं, मनमाडचं पण. देवळालीत नातेवाईक असलेल्या प्रत्येक घरात टीव्ही चोवीस तास चालू. ताई म्हणाली, राहू दे गं, पुढच्या वर्षी जा. १० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली तेव्हा भाच्याने काही न बोलता स्टड्स, म्हणजे फुटबॉलचे बूट, पुसून बॅगेत टाकले. खेळायला जात नव्हतो तरी टाकले.

अरुणाचलला जायला इनर लाइन परमिट लागतं हे लक्षात ठेवा, भारतातल्या लोकांना पण. ऑनलाइन मिळतं, फोटो आणि ओळखपत्र लागतं, आणि भाच्याचं पण वेगळं काढलं. प्रिंट काढून दोन कॉप्या ठेवल्या.

गाडी उशिरा आली. ताई प्लॅटफॉर्मवर फर्स्ट शिफ्ट बदलून आलेली, पोळ्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, आणि भाच्याला सारखं एकच, मावशीचं ऐकायचं. मनमाड, जळगाव, भुसावळ. भुसावळला केळी घेतली. उकाडा इतका की खिडकीचा गज हाताला चटका देत होता.

१३ मे. गाडीतच

जबलपूर रात्रीच कधीतरी गेलं. दिवसभर उत्तर प्रदेश आणि मग बिहार. डब्यात एक आजोबा-आजी होते कटिहारचे, त्यांना ठेपले फार आवडले.

संध्याकाळी भारत-नेपाळ मॅच होती. पहिल्या मॅचला ९ तारखेला भारताने श्रीलंकेला ८-० हरवलेलं, पण नेपाळ म्हणजे वेगळी गोष्ट. हे मला भाच्याकडून कळलं की ही स्पर्धा सुरू झाली २०१५ ला तेव्हा पहिली दोन विजेतेपदं नेपाळचीच आहेत, २०१५ आणि २०१७. मग भारत २०१९, २०२२, २०२३. आणि २०२४ ला बांगलादेश, त्या वर्षी सेमीफायनलला बांगलादेशनेच आपल्याला पेनल्टीवर बाहेर काढलेलं. स्पर्धेचं वय कधी अठराखालचं, कधी एकोणीस, कधी वीस, असं बदलत आलंय म्हणून गुगलवर शोधताना गोंधळ होतो.

तर मोबाईलवर मॅच लावली, आणि नेटवर्क. चित्र थांबलं की थांबलंच. भाचा फोन खिडकीबाहेर धरायला लागला म्हणून मी त्याचा हात धरून बसले. आजोबा पण सरकून आले, कौन खेल रहा है, बच्चे लोग? म्हणलं हो, बच्चेच. एकदा चित्र आलं तेव्हा १-० होतं, लगेच परत आलं तेव्हा २-०. दोन गोल एका मिनिटाच्या अंतराने, २८ आणि २९, आणि आम्हाला एक पण दिसला नाही! शेवटी ४-०. आजोबांनी बिस्किटाचा पुडा फोडला.

१४ मे

चिकन नेक, म्हणजे ईशान्य भारताला बाकी देशाशी जोडणारा चिंचोळा पट्टा, भूगोलाच्या पुस्तकात बघितलेला, आज त्यातून गेलो. न्यू जलपायगुडीनंतर सगळं हिरवं, चहाचे मळे, तळी, प्रत्येक घराला सुपारीची झाडं. आणि एक गोष्ट मी मोजायला लागले, गाडीतून दिसणारे गोलपोस्ट. बांबूचे. दोन बांबू उभे एक आडवा. शेतात, शाळेच्या मागे, नदीच्या वाळूत. बोंगाईगाव ते गुवाहाटीत मी चौदा मोजले आणि मग अंधार पडला. नाशिक ते भुसावळ खिडकीतून मला एक पण दिसला नव्हता, स्टंप मात्र दिसले, विटांचे, डब्यांचे. पोरं तीच, वेळ तीच संध्याकाळची, फक्त कोणीतरी दोन बांबू रोवून दिलेत की नाही एवढाच प्रश्न असतो असं मला तेव्हापासून वाटतं.

गुवाहाटीहून रात्रीची गाडी नाहरलगुनला.

१५ मे. नाहरलगुन, युपिया

सकाळी साडेचारला उजाडलं. घड्याळ बघून मी घाबरलेच की फोन बिघडला की काय. एवढ्या पूर्वेला आलं की सूर्य आपल्या आधी उठतो आणि संध्याकाळी सहाला काळोख.

नाहरलगुनला रेल्वे आली २०१४ ला, म्हणजे अगदी आत्ताची गोष्ट. स्टेशनवर परमिट तपासतात, रांग लांब होती पण शांतपणे झालं. बाहेर सुमो. ड्रायव्हर दादा न्यीशी समाजाचे, पापुम पारे जिल्ह्यात मुख्यतः हेच लोक आणि युपिया हे त्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. मला काळजी होती भाषेची, पण अरुणाचलमध्ये इतक्या जमाती आणि इतक्या बोली की आपापसात लोक हिंदीच बोलतात, बाजारात पण हिंदी. आमच्यापेक्षा त्यांची हिंदी गोड आहे, सगळ्या वाक्यांना एक चाल असते. दादांनी विचारलं मॅच देखने आए हो महाराष्ट्र से? आणि मग स्टेशनपासून युपियापर्यंत ते एकाच मुलाबद्दल बोलत होते, ओमांग दोदुम. आपला मुलगा आहे, अरुणाचलचा. नेपाळविरुद्धचा २९ व्या मिनिटाचा जो गोल आम्हाला गाडीत दिसला नाही तो त्याचा!

गोल्डन ज्युबिली स्टेडियम बाहेरूनच बघितलं आज. डोंगरांच्या मधे एकदम सपाट जागा काढून बांधल्यासारखं. मार्च २०२४ ला संतोष ट्रॉफीची, म्हणजे राज्याराज्यांच्या फुटबॉल स्पर्धेची, फायनल पण इथेच झाली होती. जेवायला थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप, आणि बांबूच्या कोंबाची भाजी, तिचा वास आंबूस असतो, भाच्याने नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच मागून घेतली.

१६ मे. दोन सेमीफायनल

हा दिवस मी विसरणार नाही. आधी बांगलादेश-नेपाळ, मग भारत-मालदीव. सहाच टीम होत्या यंदा, त्यातल्या श्रीलंका आणि भूतान घरी गेलेल्या.

बांगलादेशची टीम वॉर्मअपला आली तेव्हा भाचा म्हणाला, मावशी त्यांच्या कॅप्टनकडे बघ, नझमुल हुदा फैसल. मी पूर्ण पहिला हाफ त्याच्याकडेच बघत बसले. बॉल नसताना तो जास्त पळतो. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे जातो त्यामुळे हे कधी दिसत नाही, मैदानात बसलं की दिसतं की कोण मागे वळून बघतंय, कोण हात करून जागा दाखवतंय, कोण दमलंय. अठरा वर्षांची मुलं. गालावर अजून मुरुमं असतील अशी. गोल सगळे दुसऱ्या हाफमध्ये आले, बांगलादेश २, नेपाळ १, त्यातला एक फैसलचाच. नेपाळच्या पोरांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, आमच्या शेजारी नेपाळी कामगारांचा एक घोळका बसलेला, मॅच संपल्यावर ते जागचे उठले नाहीत बराच वेळ. भाच्याने त्यांना ठेपले दिले. मला न विचारता दिले, मला फार बरं वाटलं.

मग भारत. स्टेडियम भरलेलं, बायका पोरांना पाठीला बांधून आलेल्या, शाळेची पोरं, मुली खूप, फुटबॉल बघायला इतक्या मुली मी नाशकात कधी बघितल्या नाहीत. २१ व्या मिनिटाला डॅनी मैतेईचा गोल. श्रीलंकेविरुद्ध हॅटट्रिक केलेला तो हाच. सगळे अजून ओरडतच होते, बसले पण नव्हते, आणि २३ व्या मिनिटाला ओमांग दोदुम. तेव्हा जो आवाज झाला! मी आवाज म्हणते पण तो छातीत लागतो, ढोलाच्या जवळ उभं राहिल्यावर लागतो तसा. पुढे बसलेली एक आजी उभी राहून रडत होती, तिचा कोणी लागत होता की नाही माहीत नाही, पण ती रडत होती आणि मी पण. दुसऱ्या हाफमध्ये प्रशान जाजोचा तिसरा. ३-०.

रात्री भाच्याने वहीत आपल्या टीममधली नावं लिहिली आणि समोर राज्य. शामी, सूरज, डॅनी, रोहेन, प्रशान, मणिपूर, मणिपूर, मणिपूर. मला आठवलं २०१७ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला अंडर-सेव्हन्टीन वर्ल्डकपच्या मॅचेस झाल्या तेव्हा पण असंच होतं, २१ जणांच्या संघात आठ मणिपूरचे, आणि वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल पण मणिपूरच्याच जीक्सन सिंगचा, कोलंबियाविरुद्ध. आपल्या महाराष्ट्राचा एक, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. कोल्हापूर का, तर तिथे पेठापेठांच्या तालमींच्या टीम आहेत आणि शाहू स्टेडियमला अख्खं शहर येऊन बसतं. पोरगं जन्मल्यापासून ते बघतं. आणि मणिपूरमध्ये मे २०२३ पासून हिंसाचारात काय काय झालं ते आपण पेपरात वाचलंय. त्या दोन वर्षांत ही पोरं सोळा-सतरा वर्षांची होती. त्या सगळ्यातून रोज संध्याकाळी कोणीतरी त्यांना ग्राउंडवर नेत होतं, हे मी ग्राउंडवर नेणारी बाई म्हणून म्हणते, त्या माणसांचे पाय धरावेत.

१७ मे

सुट्टीचा दिवस. इटानगरला ईटा किल्ला बघितला, विटांचा म्हणून ईटा. पाऊस. दिक्रोंग नदीचं पाणी गढूळ आणि जोरात. भाच्याचं लक्ष कशातच नव्हतं.

१८ मे. फायनल

दुपारपासून जाऊन बसलो. गेटवर ड्रायव्हर दादा भेटले, सगळं कुटुंब घेऊन आलेले, त्यांनी आम्हाला त्यांच्यात बसवून घेतलं. त्यांची मुलगी भाच्याच्याच वयाची, गोलकी आहे शाळेच्या टीमची. दोघं एक तास फक्त गोलकीच्या ग्लोव्हजबद्दल बोलले.

रात्रीची मॅच. दुसऱ्याच मिनिटाला फ्री किक, कॅप्टन शामी, सिंगमायुम शामी. लांबून मारली आणि आत. मी चहाचा कप कुठे ठेवू बघत होते तेवढ्यात. १-० आणि अजून मॅच सुरू झाल्यासारखी पण वाटत नव्हती. लोकांना वाटलं झालं, आता परत चार-पाच. पण बांगलादेशने हळूहळू मॅच स्वतःकडे ओढली. भाचा सारखा म्हणत होता आपण खूप मागे बसलोय, मागे बसलोय, आणि ६१ व्या मिनिटाला जॉय अहमदने बरोबरी केली. स्टेडियम एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत मैदानावरच्या अकरा पोरांचा बांगला आवाज स्पष्ट ऐकू आला.

आपले कोच बिबियानो फर्नांडिस, गोव्याचे, २०१८ ला त्यांच्याच अंडर-सिक्स्टीनच्या मुलांनी आशियाई स्पर्धेची क्वार्टर फायनल गाठलेली. ते टचलाइनवर, आणि इकडे दादांच्या घरचे सगळे एकमेकांचे हात धरून. ९० मिनिटं संपली, १-१. पेनल्टी.

भाचा उठला. मला वाटलं पाणी प्यायला चालला. बाटली त्याच्या हातातच होती. पण तो दोन पायऱ्या खाली गेला आणि रेलिंगला धरून उभा राहिला.

पेनल्टीबद्दल लोक म्हणतात नशीब. अकरा मीटर अंतर, गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ उंच, एवढं मोठं दार आहे समोर. अवघड किक नसतेच, अवघड असतं ते सेंटर लाइनपासून बॉलपर्यंत एकट्याने चालत येणं, चाळीस मीटर, आणि चुकली तर तेच चाळीस मीटर परत चालत जाणं. डिसेंबरमध्ये आमच्या मैदानावर मी ते चालणं बघितलंय. मधे मी जाऊ शकत नव्हते, रेषेच्या बाहेर उभी होते.

आपली दुसरी किक गेली. रोहेन सिंग, नेपाळविरुद्ध दोन गोल केलेला मुलगा. बांगलादेशच्या तीन झाल्या, तिन्ही आत. आता त्यांची चौथी, आणि आला फैसल. त्यांचा कॅप्टन, सेमीफायनलला गोल केलेला, ज्याच्याकडे मी दोन दिवसांपूर्वी पूर्ण हाफ बघत बसलेले. बारवरून गेली. आजूबाजूला सगळे नाचायला लागले आणि मला नाचता आलं नाही. आम्ही बसलो होतो तिथून त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती. तो परत चालत गेला, तेच चाळीस मीटर. भाचा त्याच्याकडेच बघत होता, आपला चौथा मुलगा किक मारायला निघाला तरी त्याचं तोंड सेंटर लाइनकडे.

त्यांची पाचवी. सूरज सिंग अहैबाम, आपला गोलकी, त्याने अडवली. दादांची मुलगी किंचाळली, सेव्ह! सेव्ह! आणि मग शामी आला. ज्याने दुसऱ्या मिनिटाला सुरुवात केली तोच. आत. ४-३. चौथ्यांदा भारत.

पुढचं मला नीट आठवत नाही. कोणीतरी मला उचललं एवढं आठवतं. माझी चप्पल एक पायरीवर सापडली आणि एक दादांच्या बायकोच्या पिशवीत.

बक्षीस समारंभ होईपर्यंत आम्ही थांबलो. भाचा रेलिंगवरून हलला नाही. म्हणाला, मावशी, रोहेन पण उडी मारतोय बघ सगळ्यांबरोबर. मी म्हणलं मारणारच की, त्याचीच टीम आहे. मग थोडा वेळ गप्प आणि मग, पण शामीची गेली असती तर? मी म्हणलं तर आत्ता तिकडे रोहेन उभा असता आणि इकडे फैसल उड्या मारत असता, आणि नेपाळला दोन गोल कोणी मारले हे तुझ्या वहीत तसंच राहिलं असतं. त्याने यावर काही उत्तर दिलं नाही.

१९ ते २२ मे. परत

निघताना दादांच्या मुलीने भाच्याला तिचे जुने ग्लोव्हज दिले, लेफ्ट बॅकला ग्लोव्हज. आणि त्याने काय दिलं असेल तर स्टड्स, तिच्या धाकट्या भावाला, माप बघून. म्हणून मग ते बॅगेत आलेले. मला न सांगता ताईचे चौदाशे रुपये गेले पण मी गप्प बसले, ताईला मी समजावते म्हणलं.

गाडीत त्याने वहीत दहा चौकोन काढले, दहा गोलपोस्ट, आणि प्रत्येकात टिंब, किक कुठे गेली त्याचं. आमचं भांडण झालं तिसऱ्या टिंबावरून, तो म्हणे डावीकडे, मी म्हणे गोलकीच्या डावीकडे म्हणजे आपल्या उजवीकडे. फैसलचं टिंब त्याने बारच्या वर काढलं, मग खोडलं, मग अजून वर काढलं. शेवटी अकरावा चौकोन काढला आणि टिंब पोस्टच्या बाहेर, जवळ. खाली तारीख लिहिली डिसेंबरची. मी खिडकीबाहेर बघितलं. किशनगंज असावं.

२२ ला नाशिक रोडला उतरलो तर धो धो पाऊस, मे महिन्यात. ताई छत्री घेऊन उभी. भिजलेली तशीच, आणि हा तिला बॅग पण घेऊ देईना, प्लॅटफॉर्मवरच सुरू, आई ऐक, त्यांची चौथी किक, त्यांचा कॅप्टन आला. ताई म्हणाली अरे आपण जिंकलो ना, ते सांग की. तो म्हणाला सांगतो, थांब, आधी हे ऐक.